कुत्र्याला इन्हेलर कसा द्यायचा: मास्कची सवय, औषधांतला फरक आणि नागपूरचा उन्हाळा

डॉक्टरांनी कुत्र्याच्या चिठ्ठीवर इन्हेलर लिहून दिला की दवाखान्यातून निघताना जवळपास प्रत्येकजण एकच विचारतो: हा ओढणार कसा? माणसाला सांगता येतं, श्वास सोडा, आता ओढा, आता थोडा वेळ रोखा. कुत्र्याला यातलं काही सांगता येत नाही, आणि सांगावंही लागत नाही. इन्हेलर आणि त्याचं तोंड यांच्यामध्ये एक पोकळ नळी बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. स्पेसरच्या पुढच्या टोकाला मास्क असतो. औषध नळीत सोडायचं, आणि कुत्र्याने मास्कमधून नेहमीसारखे सात ते दहा श्वास घेतले की ते छातीत पोचतं. या भागाला मिनिटभरही लागत नाही. वेळ लागतो तो कुत्र्याने मास्क खुशीने तोंडावर घेण्याला, आणि तिथेच घाई केली तर पुढे सगळं अडतं.

आमची चिंगी गावठी आहे, तिला जुन्या ब्राँकायटिसचा त्रास आहे आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ इन्हेलर घेते. मास्क बाहेर काढलेला दिसला की स्वतः येऊन बसते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, कारण बाजारातून आणलेलं ते प्लास्टिक हातात धरून बघताना आपला कुत्रा असं काही करेल यावर विश्वास बसत नाही.

इन्हेलर कशासाठी आहे

कुत्र्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा कातडीवर दिसते. पंजे चाटत राहणं, काखेत आणि पोटाखाली लालसर होणं, कान पुन्हापुन्हा खाजणं. यावर इन्हेलरचा उपयोग नाही. त्याची औषधं, गोळ्या आणि शाम्पू वेगळे असतात. इन्हेलर श्वासनलिकेसाठी आहे. श्वासनलिकांना आतून सूज येते, चिकट स्राव साठतो, आणि कुत्रा कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकतो. खोकल्याच्या शेवटी घशात काही अडकल्यासारखा ओकारीचा आवाज काढतो, कधी थोडा फेस पडतो. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय, आणि आठवडा पोटाच्या औषधात जातो.

दुसरं कारण शिल्लक नसताना असा खोकला 2 महिन्यांपेक्षा जास्त दिवस रोजच्या रोज येत असेल तर डॉक्टर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. ॲलर्जीमुळे येणारी सूजही याच्या जवळचीच. मांजरांना होतो तसा खरा दमा कुत्र्यांमध्ये क्वचित असतो, तरी घरोघरी "आमच्या कुत्र्याला दमा आहे" असंच म्हणतात. म्हणायला हरकत नाही, फक्त उपचार त्या नावावरून ठरवू नका.

कारण खोकला इतर पुष्कळ गोष्टींनी येतो. वयस्क, लहान चणीच्या कुत्र्याचं हृदय वाढलं असेल तर तो खोकतो. पॉमेरेनियनसारख्या जातींत श्वासनळीच ढिली पडून दबते आणि बदकासारखा आवाज येतो. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो, हृदयात जंत असू शकतात. संसर्ग असताना तपासणी न करता स्टेरॉइडचा इन्हेलर सुरू केला तर संसर्ग बळावू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, आणि स्टेथोस्कोप लावून नीट तपासणारा डॉक्टर, हे तिन्ही हवेच. नागपुरात आपल्याला एक सोय चांगली आहे: सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं, आणि तिथे जनावरांचा मोठा दवाखाना चालतो. जवळच्या खासगी डॉक्टरांना शंका वाटली तर ते तिकडे पाठवतात. जायला कंटाळू नका.

जाताना मोबाईलवर खोकल्याचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर चढवलं की घाबरलेला कुत्रा एकदाही खोकत नाही. व्हिडिओने आणखी एक गोष्ट लगेच कळते. काही कुत्रे मान ताठ करून नाकाने जोरजोरात हवा आत खेचतात, घोरल्यासारखा भयंकर आवाज येतो, आणि मिनिटभरात सगळं ठीक. ही उलटी शिंक. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते आणि तिला इन्हेलर लागत नाही.

दोन औषधं, दोन कामं

एवढा एक भाग नीट वाचा, बाकीचं पुन्हा बघता येईल.

इन्हेलरमध्ये मुख्यतः दोन प्रकारची औषधं येतात. एक सूज कमी करणारं स्टेरॉइड, जसं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड. हे रोज द्यायचं, खोकला असो वा नसो. याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. पूर्ण गुण यायला 1 ते 2 आठवडे लागतात. त्यामुळे सुरुवातीला डॉक्टर बहुधा प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही सोबत चालू ठेवतात आणि मग त्या हळूहळू कमी करतात. इन्हेलर आला म्हणून गोळ्या एका झटक्यात बंद करू नका. शरीर बाहेरच्या स्टेरॉइडवर विसंबलेलं असतं, ते अचानक काढलं तर कुत्रा ढेपाळतो.

दुसरं औषध सालब्युटामॉल, आपल्याकडे अस्थालिन या नावाने सगळ्यांना माहीत असलेलं. ते आवळलेली श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतं. हे त्रास झाला तरच द्यायचं. सूज त्याने उतरत नाही. रोज, वारंवार फक्त तेच देत राहिलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आत सूज वाढत राहते. डॉक्टरांनी दोन्ही एकाच वेळी लिहून दिले असतील तर आधी सालब्युटामॉल, पाचेक मिनिटं थांबून मग स्टेरॉइड, म्हणजे वाट मोकळी झाल्यावर औषध खोलवर जातं.

घरात आजोबांचा इन्हेलर असतो आणि "एक पफ देऊन बघू" हा विचार मनात येतोच. देऊ नका. हृदयाच्या त्रासाने खोकणाऱ्या कुत्र्याला सालब्युटामॉलने धडधड वाढते, आणि स्टेरॉइड किती ताकदीचं द्यायचं हे वजन आणि आजार बघून ठरतं. फ्लुटिकासोनचेच 50, 125 आणि 250 मायक्रोग्रॅमचे इन्हेलर मिळतात. शिवाय एकाच इन्हेलरमध्ये दोन औषधं एकत्र असलेले प्रकारही आहेत. डब्याच्या रंगावरून ओळखू नका, नाव आणि मायक्रोग्रॅमचा आकडा वाचा, चिठ्ठीशी ताडून बघा.

गोळ्यांची सोय असताना इन्हेलरची खटपट कशाला, असं कुणी विचारेल. स्टेरॉइडच्या गोळ्या अंगभर पसरतात. कुत्रा पाणी खूप पितो, सारखी लघवी, सारखी भूक, वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन श्वासालाच जड जातं. इन्हेलरचं औषध जिथे सूज आहे तिथेच बऱ्याच प्रमाणात पडतं, म्हणून अंगभर होणारा परिणाम पुष्कळ कमी असतो. अगदी नसतो असं नाही. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात हा फरक कुत्र्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

मेडिकलमधून काय आणायचं

मेडिकलवाल्या काकांनी मला विचारलं होतं, "ताई, रोटाकॅप देऊ का? स्वस्त पडेल." त्यांचा हेतू चांगला होता. पण रोटाकॅपची कोरडी पावडर जोरात ओढून घ्यावी लागते आणि ते कुत्र्याला जमत नाही. आपल्याला दाबून फवारा येणाराच इन्हेलर हवा, ज्यात धातूची छोटी डबी असते.

स्पेसर झडप असलेला घ्या. श्वास आत घेताना झडप उघडते, बाहेर सोडताना मिटते, त्यामुळे औषध परत उडून जात नाही, आणि झडप हलताना दिसली की श्वास मोजता येतात. माणसांसाठीचे झडपेचे स्पेसर कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात.

खरी अडचण मास्कची. लहान मुलांचा मास्क गोल आणि उथळ असतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तो बऱ्यापैकी बसतो. गावठी, लॅब्रॅडॉर, बीगल यांच्या लांब तोंडावर तो फक्त नाकाच्या शेंड्यावर टेकतो आणि औषध बाजूने निघून जातं. मास्क इतका खोल हवा की नाक आणि ओठांची टोकं दोन्ही आत गेली पाहिजेत. कुत्र्यांसाठीच बनवलेला एरोडॉग नावाचा संच आहे, कॅनडाच्या कंपनीचा. त्यात लांब मास्क आणि श्वासासोबत हलणारी छोटी पट्टी असते. तो ऑर्डर करून मागवावा लागतो. नाहीतर भूल देताना वापरतात तसा रबरी कडांचा, कुत्र्याच्या तोंडाचा मास्क डॉक्टरांकडून मिळतो का विचारा आणि तो स्पेसरला घट्ट बसतो का हे तिथेच लावून बघा. घेताना कुत्र्याला सोबत नेलं तर उत्तम, नाहीतर नाकाच्या शेंड्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोऱ्याने माप घ्या.

घरातल्या माणसाचा स्पेसर कुत्र्याला वापरू नका, आणि कुत्र्याचा माणसाला नाहीच.

मास्कची सवय

डॉक्टर गोळ्यांवर खोकला आटोक्यात ठेवतात तेवढ्या दिवसांत हे शिकवून घ्यायचं. साधारण आठवडा ते दोन आठवडे धरून चाला. भित्र्या कुत्र्याला जास्त लागतील, त्यात काही बिघडत नाही.

आधी नुसता मास्क, स्पेसर न जोडता, जमिनीवर ठेवा. त्याला हुंगू द्या. हुंगला की लगेच एक घास. कशाचा, तर त्याला जे रोज मिळत नाही त्याचा: उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर, घट्ट दही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट मात्र कधीच नाही, ती कुत्र्यांना विषारी आहेत. पीनट बटर वापरायचं तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, हाही कुत्र्यांना विषारी) लिहिलेलं नाही ना ते बघा.

मग मास्क हातात आडवा धरा, उघडी बाजू कुत्र्याकडे, आणि आतल्या कडेला दह्याचं बोट फिरवा. आता थांबा. तुम्ही मास्क पुढे न्यायचा नाही, त्याने तोंड आत घालायचं. चिंगी पहिल्यांदा लांबूनच जीभ बाहेर काढून कड चाटायची, मान लांब, मागचे पाय पळायच्या तयारीत. मी हात हलवला नाही. चाटता चाटता नाक आत गेलं, कानांची टोकं मागे पडलेली होती ती हळूच सरळ झाली. तिथे तिला शाबासकी दिली आणि मास्क काढून ठेवला. अजून हवं असतानाच थांबवायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती स्वतःहून येते. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटं, एवढं पुरे.

तोंड निवांत आत राहायला लागलं की वेळ वाढवा. एक आकडा मोजा, काढा, घास द्या. मग तीन, मग पाच, मग दहा. मोठ्याने, एकाच लयीत मोजा. कुत्र्यांना लय लवकर कळते आणि दहा म्हटलं की सुटका आणि घास हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. दुसरा हात डोक्याच्या मागे हलका ठेवा, धरू नका. मान मागे घेतली तर जाऊ द्या आणि पुढच्या वेळी एक आकडा कमी मोजा. जबरदस्तीने दाबून धरलेला मास्क कुत्रा विसरत नाही, आणि घाबरून धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या छातीत औषध नीट जातही नाही.

यानंतर स्पेसर जोडून हेच सगळं पुन्हा. मग आवाज. इन्हेलर दाबताना जो फस्स असा आवाज येतो त्याला बरेच कुत्रे दचकतात. सुरुवातीला कुत्र्यापासून चार हात लांब, दुसरीकडे तोंड करून, एक फवारा सोडा आणि तिकडून कुणीतरी घास द्या. हे स्टेरॉइडच्या इन्हेलरनेच करा आणि मोजकंच. औषध महाग आहे आणि हवेत उडवायचं नाही. एवढं करूनही दचकतच असेल तर दाबण्याचं काम मास्क लावण्याच्या क्षणभर आधी करा: स्पेसरमध्ये फवारा, आणि लगेच मास्क तोंडावर. औषधाचे कण नळीत काही सेकंदच तरंगतात, त्यामुळे उशीर चालत नाही, पण न घेण्यापेक्षा हे पुष्कळ चांगलं.

रोज एकाच जागी, एकाच वेळी करा. आमच्याकडे जेवणाआधी. इन्हेलर, मग जेवण. यात दोन फायदे होतात: बक्षीस वेगळं शोधावं लागत नाही, आणि जेवण-पाण्यासोबत तोंडात राहिलेलं औषध धुतलं जातं.

प्रत्यक्ष पफ

कुत्रा शांत हवा. नुकताच फिरून आला असेल आणि जीभ बाहेर काढून धापत असेल तर थांबा. त्या उथळ श्वासांनी औषध घशाच्या खाली उतरत नाही.

इन्हेलर नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर कागदावर लिहिलंय तितके फवारे हवेत सोडून घ्या. रोजच्या वापरात, इन्हेलर उभा धरून आठ-दहा वेळा चांगला हलवा. टोपण काढा, आत धूळ किंवा कापूस नाही ना बघा, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. डबी वर, तोंड खाली, म्हणजे इन्हेलर सरळ उभा राहिला पाहिजे.

मास्क तोंडावर लावा. कड सगळीकडे टेकली आहे का, बोट फिरवून बघा. केस दाट असतील तर ओठाच्या कोपऱ्यापाशी फट राहते, तिथे अंगठ्याने हलकं दाबा. आता डबी एकदा दाबा. एकदाच. दोन पफ द्यायचे असले तरी दोन्ही एकत्र सोडू नका. कण एकमेकांवर आणि नळीवर आदळून खाली बसतात. झडप हललेली मोजा, सात ते दहा श्वास. झडप दिसत नसेल तर बरगडी बघून मोजा. मास्क काढा. दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी ओल्या कापडाने तोंड आणि नाकाभोवतीचे केस पुसा. तिथे साठलेलं स्टेरॉइड तो चाटतो, आणि रोज साठत राहिलं तर कातडी पातळ होते. मग जेवण.

मध्येच त्याने मान काढली आणि दोन-तीन श्वासच झाले, तर पफ पुन्हा द्यायचा का? रोजच्या स्टेरॉइडच्या बाबतीत एखाद्या वेळचा अर्धवट डोस मोठी गोष्ट नाही. पुढचा वेळेवर द्या. भरपाई म्हणून दुप्पट देऊ नका.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून बुडवा, हलवा, आणि तसाच निथळायला ठेवा. आतून कापडाने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. धातूची डबी पाण्यात घालायची नाही. डबी पाण्यात तरंगते का बघून औषध किती उरलं ते ठरवण्याची जुनी युक्तीही विश्वासाची नाही. डबीवर 120 डोस लिहिलेत आणि तुम्ही दिवसाला 2 पफ देता, तर ती 60 दिवस चालेल. सुरू केल्याची तारीख डबीवरच लिहून ठेवा. पफ संपल्यानंतरही फस्स आवाज येत राहतो, आत मात्र औषध नसतं.

नागपूरच्या हवेत

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, आणि इन्हेलर 30 अंशांच्या आत ठेवा असं डबीवर छापलेलं असतं. तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कुटीच्या डिकीत कधीही ठेवू नका. आत दाबाखालचा वायू असतो, तापलेल्या डिकीत डबी फुटूही शकते. घरात सगळ्यात थंड, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा, पूर्वेच्या-पश्चिमेच्या भिंतीला लागून नाही. फ्रीझरमध्ये तर नाहीच. उलट डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा 10 च्या खाली येतो तेव्हा डबी गार पडते आणि फवारा कमी येतो. मिनिटभर तळहातांत धरून कोमट करा, मग हलवा.

कूलरकडे लक्ष द्या. होळीनंतर कूलर बाहेर काढला की मागच्या वर्षीच्या ताट्यांमधली (कूलरच्या बाजूंच्या गवती जाळ्यांमधली) धूळ आणि बुरशी पहिल्या तासात सगळी खोलीत येते. खोकणाऱ्या कुत्र्यासाठी हा वर्षातला वाईट दिवस. ताट्या नवीन बसवा, टाकी घासून धुवा, आणि पहिल्यांदा चालवताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. पुढेही टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. पाणी साचून कुबट वास आला की समजायचं बुरशी झाली. कूलर त्याच्या थेट तोंडावर लावू नका.

घरातला धूर बंद. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची अगरबत्ती, सिगारेट. कुत्र्याचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं, आणि कोपऱ्यात लावलेली कॉइलही तिथेच. देवघर असलेल्या खोलीत त्याला आरतीच्या वेळी नेऊ नका, दार ओढून घ्या. देवाला काही कमी पडत नाही. पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत माजतं, त्यातून फिरवू नका. दिवाळीच्या आधी डॉक्टरांना भेटून फटाक्यांच्या धुरासाठी डोस वाढवायचा का ते विचारून ठेवा.

फिरायला उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत. फुटाळा तलावाच्या बाजूला किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत सकाळी हवा बरी असते. सिमेंट रस्ता रात्री 9 लाही तापलेला असतो. हाताची मागची बाजू टेकवून बघा. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा, म्हणजे श्वासनळीवर ओढ येत नाही.

आणि घरगुती उपाय. ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, कांद्याचा रस देतो. कुत्र्याला कांदा आणि लसूण विषारी आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खोकल्यावर माणसाचं सिरप, पॅरासिटामॉल, छातीला बाम, वाफेत कापूर, यातलं काहीही नको.

कधी सगळं सोडून दवाखान्यात पळायचं

ओठ उचलून हिरड्या बघायची सवय ठेवा. निरोगी असतात तेव्हा त्यांचा रंग कसा असतो ते माहीत असलं तर निळसर किंवा राखाडी पडलेल्या लगेच कळतात. कोपर बाहेर काढून, मान ताणून उभा राहतो, खाली बसतच नाही, प्रत्येक श्वासाला पोट आत-बाहेर होतं: ही वेळ घालवायची चिन्हं नाहीत. डॉक्टरांनी त्रासाच्या वेळचा सालब्युटामॉल सांगितला असेल आणि कुत्रा मास्क घेऊ देत असेल तर द्या. झटापट करत असेल तर मास्क बाजूला ठेवा. त्या झटापटीतच त्याचा उरलेला श्वास खर्च होतो. गाडीचा एसी आधी सुरू करा, कुणीतरी फोन करून दवाखान्यात ऑक्सिजन तयार ठेवायला सांगा, आणि निघा.

उन्हाळ्यात ऊन लागलेला कुत्राही असाच धापतो. अंग भाजल्यासारखं गरम, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, तोल जातो. तिथे इन्हेलरचं काम नाही. नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, दवाखाना गाठा. पगसारख्या जातींना हे फार पटकन होतं.

एक अपघात खास लक्षात ठेवा. इन्हेलर कुत्र्याने खेळणं समजून चावला आणि डबी फुटली, तर पुष्कळ डोस एका क्षणात तोंडात जातात. सालब्युटामॉल असेल तर हृदय प्रचंड वेगाने धावतं, उलट्या होतात, अंग थरथरतं, रक्तातलं पोटॅशियम घसरून पाय लुळे पडतात. कुत्रा वरवर ठीक दिसला तरी वाट बघू नका, डबी सोबत घेऊन लगेच निघा. डबा नेहमी बंद कपाटात, उंचावर.

वही आणि पुढची भेट

एक छोटी वही ठेवा. रोज दोन गोष्टी: दिवसभरात खोकला साधारण किती वेळा, आणि झोपेतले श्वास. गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास, 30 सेकंद मोजा, दुप्पट करा. झोपेत मिनिटाला 30 पेक्षा कमी असायला हवेत. सलग दोन-तीन दिवस हा आकडा चढता दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. छोट्या वाटणाऱ्या बदलाचा अंदाज डोळ्यांना येत नाही, वहीतल्या आकड्यांत येतो.

हा आजार बहुतेक वेळा मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. महिनाभर खोकला नाही म्हणून स्वतःच्या मनाने इन्हेलर बंद केला की सूज हळूहळू परत येते, आणि खोकला ऐकू येईपर्यंत ती बरीच वाढलेली असते. डोस कमी करायचाच असतो, पण तो डॉक्टर काही आठवड्यांच्या अंतराने, एकेक पायरीने उतरवतात. भेटीला जाताना वही, इन्हेलर आणि स्पेसर तिन्ही न्या, आणि डॉक्टरांसमोर एक पफ देऊन दाखवा. औषध लागू पडत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा औषध बदलावं लागत नाही. मास्कच्या कडेला राहिलेली फट त्यांना दिसते आणि ती तिथेच बुजवता येते.